हरिहरेश्वरच्या खडकाला भोकं कोणी पाडली?

भंडारा जिल्ह्यातला माणूस पहिल्यांदा कोकण बघून आला की दोन गोष्टी सांगतो. एक, मासळीचा वास. दुसरी, समुद्राकाठचे दगड. आणि दगडांवरून एक प्रश्न हमखास निघतो. पवनी तालुक्यातल्या कोंढ्याच्या पारावर हा प्रश्न साधारण असा विचारला जातो: "आपली वैनगंगा काही लहान नाही. पावसाळ्यात दुथडी वाहते, मोठमोठे धोंडे लोटत नेते. पण तिच्यातला गोटा हातात घ्या, गुळगुळीत. मग समुद्राकाठचा दगड असा भोकाभोकांचा, मधाच्या पोळ्यासारखा का? पाणी तर दोन्हीकडे पाणीच."

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर पाण्यात नाही, पाणी सुकण्यात आहे. ते समजून घ्यायला रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्यात, हरिहरेश्वरला एक दिवस चालायला हवं. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पायी फिरून खडक वाचायचा असेल तर याहून चांगली जागा माझ्या माहितीत नाही. भूगोलाच्या पुस्तकात वेगवेगळ्या पानांवर असलेल्या आकृत्या इथे तास-दीड तासाच्या वाटेवर एकापाठोपाठ उभ्या असतात.

१. वाट

कोंढ्याहून निघणाऱ्याला हा प्रवास लांबचा. गोंदियाहून सुटणारी विदर्भ एक्सप्रेस भंडारा रोडला पकडून मुंबई, तिथून कोकण रेल्वेने माणगाव, पुढे एसटीने म्हसळा-श्रीवर्धनच्या बाजूला. आपली पवनी विदर्भाची काशी म्हणवते, हरिहरेश्वर दक्षिण काशी. तेव्हा एका काशीहून दुसऱ्या काशीला जायचं, पण मध्ये सबंध महाराष्ट्र आडवा.

गाव सावित्री नदीच्या मुखाशी आहे. खाडीपलीकडे रत्नागिरी जिल्हा लागतो आणि तिथे बाणकोटचा किल्ला दिसतो. श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं मूळ गाव, त्यामुळे पेशव्यांचा या देवस्थानाशी जवळचा संबंध. देवळं कालभैरव, योगेश्वरी आणि हरिहरेश्वर यांची. प्रदक्षिणा मात्र नुसत्या देवळाभोवती नाही, देवळामागच्या डोंगराभोवती घालायची. पायऱ्या चढून वर जायचं, मग खडकाच्या एका अरुंद फटीतून पायऱ्यांनी थेट समुद्राकडे उतरायचं. उतरताना दोन्ही बाजूंना कातळ इतका जवळ असतो की समोरून माणूस आला तर एकाला अंग चोरून उभं राहावं लागतं. फट संपली की एकदम उजेड, वारा आणि लाटांचा आवाज. डोंगर उजव्या हाताला, समुद्र डाव्या. पुढची सगळी वाट उघड्या खडकावरून.

वाटेत पांडवतीर्थ, शुक्लतीर्थ अशी तीर्थं आहेत. भाविक तिथे थांबतात, हात जोडतात. आपणही थांबू, पण आपण आधी पायाखालचा दगड बघणार आहोत.

२. दगड कोणता?

झीज समजण्याआधी झिजणारी वस्तू कोणती ते ठरवावं लागतं. हरिहरेश्वरचा खडक बेसॉल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबलचक भेगांमधून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला, त्यावर पुन्हा नवा आला. असे थरावर थर चढत गेले आणि दख्खनचं पठार तयार झालं. आज हा काळा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. सह्याद्रीत त्याची जाडी हजारो फूट भरते, कळसूबाईचं १६४६ मीटरचं शिखरही याच थरांचं. पूर्वेकडे तो पातळ होत जातो आणि त्याचा मुख्य पसारा नागपूरच्या आसपास संपतो. नागपुरातली सीताबर्डीची टेकडी याच बेसॉल्टची.

म्हणजे कोंढा या लाव्ह्याच्या हद्दीबाहेर राहतो. भंडाऱ्याचे खडक वेगळे आणि फार म्हातारे. तुमसर तालुक्यात चिखला, डोंगरी बुजुर्ग इथे ज्या खडकांतून मँगनीज काढतात, ते शंभर कोटी वर्षांहून कितीतरी जुने. त्यांच्यापुढे हरिहरेश्वरचा खडक कालचं पोर. 'आमच्याकडे डोंगरच नाहीत' म्हणून खंतावणाऱ्या भंडारेकरांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

थिजलेल्या लाव्ह्याबद्दल दोन गोष्टी पुढे कामाला येतील. पहिली, थंड होताना तो आकसतो आणि त्याला तडे जातात. कधी हे तडे इतके नेमके जातात की खडकाचे पाच-सहा बाजूंचे उभे खांब होतात. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल नावाचा असा खांबांचा डोंगर वस्तीच्या मधोमध उभा आहे. हरिहरेश्वरला असे खांब शोधत बसू नका, पण तडे मात्र जागोजागी आहेत. दुसरी गोष्ट, लाव्ह्यात वायूचे बुडबुडे असतात. खडक थिजला की बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या उरतात. पुढे जमिनीतलं पाणी झिरपून काही पोकळ्या पांढऱ्या खनिजांनी भरते. काळ्या दगडात पांढरे ठिपके दिसतात ते हेच.

३. आधी तिथी बघा

समुद्राकाठच्या खडकावर काम करणारं घड्याळ भरती-ओहोटीचं. ते कळल्याशिवाय खडकही कळत नाही, आणि सुखरूप परतताही येत नाही. म्हणून इथे जरा जास्त वेळ थांबू.

चंद्र आणि त्याच्या जोडीला सूर्य समुद्राचं पाणी ओढतात. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे आपल्या किनाऱ्यावर दिवसाकाठी दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. आज सकाळी सहाला भरती असेल तर उद्या ती पावणेसातच्या सुमारास येणार, कारण मधल्या वेळात चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो.

पौर्णिमा आणि अमावास्येला चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते. तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. हे उधाण. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात येते, तेव्हा चढ-उतार कमी. ही भांगाची भरती. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं. दक्षिणेकडे गोव्याच्या बाजूला जाऊ तसा हा आकडा कमी होत जातो.

भरती किती वाजता येणार हे काढायला कोकणातल्या दर्यावर्दी लोकांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा. जो आकडा येईल तितक्या वाजता भरती, दिवसाही आणि रात्रीही. त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. पौर्णिमेनंतर वद्य प्रतिपदेपासून पुन्हा एक-दोन मोजायचं.

करून बघू. समजा आज पंचमी. पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. भरती पावणेचारला, ओहोटी सकाळी पावणेदहाला. आपण आठ-सव्वाआठला पायऱ्या उतरून खडकावर आलो की पाणी अजून उतरतच असेल, आणि ते पुन्हा चढायला लागायच्या आत आपण देवळात. पंचमी चांगली.

आता महाशिवरात्र घ्या. शंकराचं ठिकाण, म्हणजे गर्दीचा दिवस. तिथी वद्य चतुर्दशी. चौदा गुणिले पाऊण म्हणजे साडेदहा. अमावास्या तोंडावर, त्यामुळे उधाणही मोठं. सकाळी दर्शनाची रांग उरकून दहाला प्रदक्षिणेला निघालेला माणूस नेमका भरतीच्या तोंडात जातो. पौर्णिमेचंही तेच, पाणी सव्वाअकरा-बाराच्या सुमारास चढलेलं असतं. आपल्याकडे सणाला जसं मुहूर्त विचारून निघतात तसं इथे भरती विचारून निघायचं. हा हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. शेवटचा शब्द गावातल्या माणसाचा. तो 'आता नका जाऊ' म्हणाला की चर्चा करू नये.

या वाटेवर लाटेने माणसं ओढून नेल्याच्या घटना घडल्या आहेत. बहुतेकांची चूक एकच असते. पाणी शांत दिसतं म्हणून ते खडकाच्या कडेला जातात. समुद्राची प्रत्येक लाट सारखी नसते. दहा लहान लाटांमागून एखादी दुप्पट उंचीची येते, आणि शेवाळलेल्या खडकावर पाय धरत नाही.

४. सपाट ओटा कुठून आला?

पायऱ्या उतरल्यावर पहिलं नवल पायाखालीच असतं. एका बाजूला सरळ उभा कडा, आणि त्याच्या पायथ्यापासून समुद्राकडे पसरलेला सपाट कातळ. कुणी मुद्दाम तासून दिल्यासारखा. भूगोलात याला तरंगघर्षित मंच म्हणतात, म्हणजे लाटांनी घासून केलेला ओटा.

तो असा होतो. एक घनमीटर समुद्राचं पाणी हजार किलोहून जड असतं. लाट कड्यावर आदळते तेव्हा हे वजन तर बसतंच, शिवाय कड्याच्या तड्यांत अडकलेली हवा दाबली जाते. लाट मागे हटली की ती दाबलेली हवा सुटते. आत दाब, बाहेर सुटका, असं वर्षानुवर्षं. लाव्हा थिजताना पडलेले तडे इथे समुद्राच्या उपयोगी पडतात. शिवाय लाटेबरोबर वाळू आणि गोटे येतात, ते कड्याचा पाय घासतात.

हे सगळं कड्याच्या माथ्यावर होत नाही. जिथपर्यंत लाट पोहोचते तिथेच होतं. म्हणून कड्याच्या पायथ्याशी एक आडवी खाच पडते. खाच खोल होत गेली की वरचा कातळ अधांतरी राहतो आणि एक दिवस कोसळतो. पडलेले धोंडे लाटा फोडतात, नेतात. कडा मागे सरकतो, पुन्हा खाच, पुन्हा कोसळणं. कडा मागे जाताना पायाशी जे सपाट उरतं तो हा ओटा. म्हणजे आपण चालतो आहोत ती जागा कधीकाळी डोंगराच्या पोटात होती.

किती वेळ लागला असेल? एक नुसता अंदाजाचा हिशेब. समजा कडा वर्षाला एक सेंटिमीटर मागे हटतो. हजार वर्षांत दहा मीटर, सहा हजार वर्षांत साठ मीटर. सहा हजारच का, तर त्यालाही कारण आहे. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, जगातलं खूपसं पाणी बर्फात अडकलं होतं आणि समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होती. त्या काळी हरिहरेश्वरच्या डोंगरावरून समुद्र दिसलाही नसता, किनारा दूर पश्चिमेला होता. बर्फ वितळलं, पाणी चढत आलं आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या आसपास स्थिरावलं. तेव्हापासून लाटा साधारण याच उंचीवर काम करताहेत.

यात एक गंमत आहे. ओटा रुंद होत गेला की लाट त्याच्यावरून फरफटत येते, तिचा जोर वाटेतच संपतो आणि कड्यापर्यंत पोहोचेस्तोवर ती दमते. समुद्र आपल्याच कामाने स्वतःची वाट अडवतो. म्हणून कडा कायम त्याच वेगाने मागे जात नाही.

कड्यात जिथे तडा मोठा किंवा थर कच्चा असतो तिथे खाच आत शिरते आणि गुहा होते. अशा लहान गुहा, कपारी या वाटेवर आहेत. डोकावून बघा, आत शिरू नका.

५. आता भोकं

कड्याच्या समुद्राकडच्या अंगावर, साधारण डोक्याच्या उंचीला, खडक एकदम बदलतो. हातभर अंतरात शेकडो खळगे. काही बोट जाईल एवढे, काहींत मूठ बसेल. दोन खळग्यांमधली भिंत काही ठिकाणी नखाएवढी पातळ, तरी उभी. एखाद्या खळग्यात बोट फिरवलं तर तळाला भुरभुरीत कण लागतात आणि सहज सुटून येतात. बोट जिभेला लावलं तर खारट. उन्हाळ्यात खळग्याच्या कोपऱ्यात पांढरी पुटंही दिसतात. भिंतीवर मात्र बोट घासलं तर फारसं काही निघत नाही, ती टणक लागते. तळ कच्चा, भिंत पक्की, एवढं लक्षात ठेवा. सगळं उत्तर यात आहे.

पाहणाऱ्यांपैकी बहुतेक जण म्हणतात, लाटांनी आपटून आपटून भोकं पाडली. तसं असतं तर या पातळ भिंती आधी फुटल्या असत्या. आपटण्याने नाजूक नक्षी होत नाही, मोडते. आणि लाटांचा मार सगळ्यांत जास्त बसतो तो खाली, ओट्याच्या कडेला. तिथे अशी जाळी कमीच. जाळी आहे ती वर, जिथे लाट पोहोचत नाही, फक्त तिचे तुषार उडतात.

दुसरे म्हणतात, मीठ दगड खातं. हे अर्धं बरोबर. मीठ खात नाही, ढकलतं.

कोंढ्यातल्या कुठल्याही जुन्या विटामातीच्या घरात जा. जमिनीलगतच्या भिंतीला लोणा लागलेला असतो. भिंत ओल शोषते, ओलीबरोबर क्षार वर चढतात, पाणी उडून जातं आणि क्षार भिंतीतच राहतात. मग गिलाव्याचे पोपडे सुटतात, विटेचा भुगा पडतो, आणि दर दिवाळीला घरची बाई तो झाडून पुन्हा पोतेरं फिरवते. भिंतीला कुणी मारलेलं नसतं. क्षाराचे खडे विटेच्या बारीक छिद्रांत वाढतात, त्यांना जागा पुरत नाही, म्हणून ते आजूबाजूच्या कणांना रेटतात. हरिहरेश्वरच्या खडकाला लागलेला आहे तो समुद्राचा लोणा.

आकड्यात बघू. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, बहुतांश आपलं साधं मीठ. एका खळग्यात तुषारांतून दोन चमचे पाणी, म्हणजे १० मिलिलिटर, साचलं आणि सुकलं, तर मागे उरतं सुमारे तिसरा हिस्सा ग्रॅम मीठ. जेमतेम चिमूटभर. पण हे शंभर वेळा झालं की ३५ ग्रॅम. त्यातलं काही खडकाच्या छिद्रांत शिरतं आणि तिथे स्फटिक धरतं. नवं पाणी आलं की थोडं विरघळतं, सुकलं की पुन्हा धरतं. प्रत्येक वेळी कणांना थोडा रेटा. एका रेट्याने काहीच होत नाही, पण वर्षानुवर्षं तेच चाललं की खडकाचा एक-एक कण सुटतो.

बेसॉल्टसारखा टणक खडक याला बळी कसा पडतो? त्याची आधीच पूर्वतयारी झालेली असते. कोकणातल्या दमट हवेत बेसॉल्टमधल्या लोहयुक्त खनिजांना गंज चढतो. म्हणूनच इथला उघडा खडक काळा कमी आणि तपकिरी जास्त दिसतो. गंजलेली खनिजं एकमेकांना घट्ट धरून ठेवत नाहीत. पकड ढिली झालेल्या कणाला ढकलायला मिठाचा छोटासा स्फटिकही पुरतो.

पण मग सगळा पृष्ठभाग सारखाच का झिजत नाही? खळगे आणि भिंती अशी जाळी का? एखादी जागा जरा कच्ची निघते. तिथे बुडबुड्याची जुनी पोकळी असेल, किंवा एखादं लवकर कुजणारं खनिज. तिथे आधी खड्डा पडतो. एकदा खड्डा पडला की तो आपली बाजू आपणच भक्कम करतो. आत सावली, वाऱ्याचा झोत कमी, त्यामुळे ओल रेंगाळते, तुषारांचं खारं पाणी साचून राहतं आणि मीठ तिथेच जमत जातं. बाहेर आलेली भिंत उन्हा-वाऱ्यात लवकर कोरडी होते, तिच्यावर पाणी टिकत नाही. काही ठिकाणी भिंतींवर शेवाळाचा पातळ थर असतो, तोही मिठाला अडवतो असं काही अभ्यासक मानतात. जाळीच का बनते, याच्या बारकाव्यांबद्दल भूशास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. पण यामागे मीठ आणि ओलं-सुकं होत राहणं आहे, याबद्दल फारसा वाद नाही.

इथे पावसाचाही हिशेब धरायला हवा. कोकणपट्टीत वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, भंडाऱ्याच्या दुपटीहून जास्त. पावसाच्या चार महिन्यांत खळग्यांतलं मीठ बरंचसं धुऊन जातं आणि सुटलेला भुगाही. ऑक्टोबरचं ऊन लागलं की मिठाचं काम पुन्हा सुरू.

मग वैनगंगेचा गोटा गुळगुळीत का? तो पाण्याखाली गडगडत जातो, दुसऱ्या दगडांवर आपटतो, त्याचे कोपरे उडतात. वैनगंगेचं पाणी गोडं. ते सुकून मागे मीठ उरत नाही. तिथे मार आहे, रेटा नाही. समुद्राकाठीही जे दगड लाटांत गडगडत असतात ते गुळगुळीतच असतात, वाकून एखादा उचलून बघा. एकाच किनाऱ्यावर दोन्ही प्रकार हाताच्या अंतरावर सापडतात, आणि प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळतं: जिथे पाणी लोळतं तिथे गुळगुळीत, जिथे पाणी येऊन सुकतं तिथे भोकं.

६. भोकाभोकांत फरक

वाचकाला इथून पुढे एक नाद लागावा असं मला वाटतं. दगडात भोक दिसलं की ते कोणत्या जातीचं ते ओळखायचं.

बुडबुड्याचं भोक गोल किंवा लांबट-गोल असतं, बहुधा बारीक. मुख्य खूण म्हणजे ते खडकाच्या आतही असतं. ताजा फुटलेला तुकडा घ्या, आतल्या बाजूलाही तीच भोकं दिसतील. मिठाचं भोक फक्त उघड्या पृष्ठभागावर असतं. आतला खडक सलग. कोकणातल्या जांभ्याची भोकं तिसऱ्या जातीची. जांभा म्हणजे मूळ खडक पावसाने कुजून, त्यातला विरघळणारा भाग वाहून जाऊन मागे उरलेला लोखंड-ॲल्युमिनियमचा लाल सांगाडा. त्याच्या चिऱ्यांची घरं तुम्ही बसमधूनही पाहिली असतील. त्यात वेड्यावाकड्या नळ्या आरपार गेलेल्या दिसतात.

चौथी जात ओट्यावरच सापडते. तळहाताएवढ्यापासून घमेल्याएवढे गोल खड्डे, आणि तळाशी दोन-चार गोटे. हे रांजणखळगे. पाण्याच्या भोवऱ्यात सापडलेला गोटा एकाच जागी गरगर फिरतो आणि खड्डा खोल करत जातो, स्वतःही झिजतो. महाराष्ट्रात याचं सर्वांत भव्य रूप अहिल्यानगर जिल्ह्यात निघोजला, कुकडी नदीच्या पात्रात आहे. तिथे माणूस उतरेल एवढे रांजण आहेत. खारं पाणी लागत नाही, फक्त जोराचं पाणी, तडे असलेला कातळ आणि फिरायला एक गोटा.

ओहोटीला या खड्ड्यांत पाणी अडकून राहतं आणि त्यात एक अख्खं गाव नांदतं. खेकडे, बारके मासे, खडकाला चिकटलेले शंख आणि कालवं. खडकावरचं शेवाळ खरवडून खाणारे शंख खडकाचाही पापुद्रा खरवडतात. एकट्याचं काम किती, पण संख्या बघा. कालवं काढायला ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर बायका बसलेल्या दिसतात. भरतीचं वेळापत्रक त्यांच्याइतकं कोणाला पाठ नसतं.

७. जाण्याआधी

पंचांग किंवा दिनदर्शिकेत तिथी बघून निघा. शुद्ध असो की वद्य, चतुर्थी ते सप्तमी या तिथींना ओहोटी सकाळी नऊ ते साडेअकराच्या दरम्यान येते आणि उजेडही चांगला असतो. सप्तमी-अष्टमीला भांग असल्याने पाणी कमी उतरतं, ओटा थोडा अरुंद मिळेल. जून ते सप्टेंबर खडकावर उतरू नये, या महिन्यांत तिथीचा हिशेबही कामाला येत नाही, कारण वाऱ्याने उठलेल्या लाटा ओहोटीतही ओट्यावर चढतात. पायात तळव्याला पकड असलेले बूट हवेत, चपला नकोत. लहान मुलांचा हात सोडू नका आणि समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका.

जाळीच्या पातळ भिंती पाहून पोरांना त्या मोडून बघायचा मोह होतो, काही मोठ्यांना त्यांवर नाव कोरायचा. जी भिंत मिठाच्या रेट्यात शेकडो वर्षं टिकून राहिली ती अंगठ्याच्या एका दाबाने तुटते आणि पुन्हा होत नाही. नमुना हवाच असेल तर ओट्यावर पडलेला, लाटांनी घोळवलेला एखादा गोटा बघा, आणि तोही जागेवरच ठेवा.